तेहतीस फुटांची सहल

दोस्तांनो, सुट्टीत कुठे कुठे जाऊन आलात? कोणी रायगड चढून आलं असेल, कोणी मामाच्या विहिरीत मनसोक्त डुंबून आलं असेल, तर कोणी गोव्याच्या समुद्रात कपडे भिजवून आईची बोलणी खाल्ली असतील. आज मी तुम्हांला एका वेगळ्याच ठिकाणी नेणार आहे. तिकीट काढायचं नाही, डबा बांधायचा नाही, डोंगर तर मुळीच चढायचा नाही. सहल आहे फक्त तेहतीस फुटांची! पळत सुटलात तर चार-पाच सेकंदांत संपेल. आम्हांला मात्र एक अख्खा तास लागतो, आणि कधी कधी तास संपल्याची घंटा होते तरी आम्ही निम्म्यातच असतो.

हे ठिकाण म्हणजे आमच्या शाळेची परसबाग.

आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यात आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा डोंगर उतरून येते, धोमच्या धरणात जरा विसावा घेते आणि वाईच्या घाटांना पाय लावून पुढे आमच्याकडे येते. एकीकडे पांडवगड, दुसरीकडे वैराटगड आणि मध्ये ऊस, हळद, पुन्हा ऊस. शाळा दोन खोल्यांची. पहिली ते चौथी मिळून मुलं तेवीस आणि शिक्षक दोन. शाळेच्या मागे एक गुंठा मोकळी जागा आहे. एक गुंठा म्हणजे किती, ठाऊक आहे का? तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद. गुणाकार करा पाहू! १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एक एकर होतो. म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबात आमची बाग अगदीच किरकोळ. पण वाफे घालायला लागलात की तीच केवढी मोठी वाटते!

बाग कशासाठी? तर दुपारच्या जेवणासाठी. शाळेत जेवण मिळायची योजना १९९५ साली सुरू झाली. मी पहिलीत गेले तेव्हा जेवण नव्हतं, महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून मी घरी न्यायची, आणि वाटेत ठेच लागली तरी पिशवी सोडायची नाही. आता शाळेतच गरम जेवण शिजतं. त्या खिचडीत आणि आमटीत घालायला मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी आपल्याच मातीतली असावीत, म्हणून ही बाग.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगून टाकते. मी मुळात घाईची बाई आहे. कार्यानुभवाचा तास पस्तीस मिनिटांचा. त्यात चार वाफे खुरपून झाले पाहिजेत, पाणी घालून झालं पाहिजे, हात-पाय धुऊन मुलं रांगेत उभी राहिली पाहिजेत असा माझा हिशेब. आणि मुलांचा? ते तुम्हांला सहलीतच कळेल. चला!

फाटक म्हणजे बांबूच्या चार काठ्या आणि सुतळी. ते उघडायचं नाही, उचलून बाजूला ठेवायचं. आत गेल्या गेल्या उजव्या हाताला पालापाचोळ्याचा खड्डा आहे. इथलं काम सोपं आहे, खड्ड्यातलं कुजलेलं खत घमेल्यात भरायचं. पण पहिली कुदळ पडते न पडते तोच आमचे पाहुणे हजर होतात. साळुंक्या येतात, दयाळ येतो आणि थंडी असेल तर धोबी येतो. काळा-पांढरा, चिमणीपेक्षा लांबट, आणि शेपटी सारखी खाली-वर, खाली-वर. धोब्याने कपडे आपटावेत तशी! कुठे कुठे त्याला परीटही म्हणतात. पाऊस संपला की तो उत्तरेकडून येतो आणि ऊन तापायला लागलं की परत जातो. एवढा मोठा प्रवास करून आलेला पाहुणा आमच्या खड्ड्यातली अळी उचलतो, दोन पावलं तुरुतुरु पळतो आणि थांबून आमच्याकडे बघतो. अशा वेळी कुदळ कोण चालवणार? सगळे पुतळे! मी ओरडले, "अरे, घमेलं भरा," तर दुसरीतला एक पठ्ठ्या तोंडावर बोट ठेवून मलाच म्हणतो, "बाई, हळू! तो उडून जाईल."

इथून सहा पावलांवर लिंबाचं झाड आहे. सहा पावलांना आमची दहा मिनिटं जातात. या झाडाच्या कोवळ्या पानांवर बघा, चिमणीने घाण केल्यासारखं काहीतरी दिसेल. पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं होतं. मी पान तोडून टाकणार, एवढ्यात त्या घाणीने मान हलवली! ती होती लिंबू फुलपाखराची अळी. पक्ष्याची विष्ठा कोण खाणार? म्हणून लहानपणी ही अळी असं रूप घेऊन बसते. थोडी मोठी झाली की कात टाकते आणि पानासारखी हिरवीगार होते. तेव्हा तिच्या डोक्यामागे गवताच्या काडीने हळूच स्पर्श केला, तर काय होतं सांगू? तांबूस रंगाचं दोन टोकांचं शिंग झटकन बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. शत्रूला पळवून लावायची ही तिची युक्ती. दोन क्षणांनी शिंग आत! आमच्या मुलांचा हा आवडता खेळ होता. पण एकाच अळीला दिवसभरात तेवीस जणांनी घाबरवलं तर ती बिचारी खाणार कधी? म्हणून आता नियम आहे : एका दिवशी एकच काडी, तीही आळीपाळीने.

लिंबू फुलपाखराचा कोष बघायचा असेल तर मात्र डोळे तयार हवेत. ती अळी कमरेभोवती रेशमाचा बारीक धागा बांधून घेते आणि झाडावर चढणारा माणूस दोरीला टेकावा तशी फांदीला टेकून राहते. कोष कधी हिरवा, कधी तपकिरी. आठ-दहा दिवसांनी, थंडीत आणखी उशिरा, त्यातून काळं-पिवळं फुलपाखरू बाहेर येतं. तुमच्या घरी लिंबाचं झाड नसेल तर कढीपत्त्याचं असेलच की! त्याच्यावरही या अळ्या सापडतात. आई "पानं खाल्ली मेल्यांनी" म्हणून अळ्या टाकायला निघाली, तर एखादी फांदी त्यांच्यासाठी मागून घ्या.

या अळीपायी आमचं नुकसानही झालं, बरं का. दोन वर्षांपूर्वी आम्ही परसबाग स्पर्धेत उतरलो होतो. वाफे कसे आखीव, कडेला चुन्याची रेघ, पाट्यांवर भाज्यांची नावं. परीक्षक आले. मुलांनी त्यांना वाफे दाखवायचे सोडून थेट लिंबाखाली नेलं आणि शिंग दाखवलं. मग ढालकिडा दाखवला. मग पावट्यावरच्या माव्याच्या गोड रसासाठी मुंग्या कशा रांग लावतात ते दाखवलं. परीक्षक हसले, त्यांनी घड्याळ बघितलं आणि निम्मे वाफे न बघताच निघून गेले. आमचा नंबर आला नाही. त्या दिवशी मी मुलांना बरंच बोलले. आज तेवढं बोलले नसते.

का, ते सांगते. त्यासाठी तुम्हांला शेवटच्या कोपऱ्यापर्यंत यावं लागेल. मधले मेथीचे, पालकाचे, मुळ्याचे वाफे आपण भराभर ओलांडू. जाता जाता एकच सांगते. कोथिंबिरीसाठी धणे पेरताना ते आधी रगडून त्यांची दोन-दोन दलं करून घ्यायची, अख्खे धणे टाकायचे नाहीत. आणि मेथी चार दिवसांत उगवली म्हणून कोथिंबीर का उगवत नाही, असं म्हणत माती उकरून बघायची नाही. तिला आठ-दहा दिवस लागतात. आमच्याकडे पहिलीतली मुलं दर वर्षी उकरून बघतातच!

तर गेल्या वर्षीची दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या गावाच्या शिवारात ऊसतोडणीची टोळी उतरली. दर वर्षी बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात येतात. कारखाना सुरू झाला की येतात आणि मार्चच्या आसपास कारखाना थंडावला की परत जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' असं त्यांच्यात मोजतात. राहायला पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या खोपी. आपल्या चहातली साखर त्यांच्या कोयत्याखालून आलेली असते. मोठी माणसं तांबडं फुटायच्या आत फडात जातात. मग मुलांनी काय करायचं? म्हणून आम्ही शिक्षक खोपींवर जाऊन मुलांना शाळेत घेऊन येतो. गावच्या शाळेकडून मिळालेलं शिक्षण हमी कार्ड त्यांच्याजवळ असलं की काम सोपं होतं. मूल कितवीत आहे, त्याला काय काय येतं, ते त्यात लिहिलेलं असतं.

त्या टोळीतून चार मुलं आली. त्यांतली एक मुलगी तिसरीत होती. तिचं नाव मी सांगत नाही, पण तुम्हांला ती आवडली असती. कडेवर तीन वर्षांचा भाऊ, तेलाने चापून घातलेल्या दोन वेण्या आणि बोलण्यात सारखं 'कामून'. 'कामून' म्हणजे 'का' किंवा 'कशाला'. आमच्या सातारच्या मुलांना तो शब्द ऐकला की हसू फुटायचं. महिन्याभरात तीच मुलं एकमेकांना "कामून रं?" म्हणायला लागली.

पहिल्याच दिवशी खुरपणी चालू होती. मुलं तण उपटून बांधावर टाकत होती, आणि ही त्यातली काही पानं वेचून ओच्यात ठेवत होती.

"अगं, ते गवत आहे," मी म्हटलं.

"गवत न्हाई बाई, पाथरी हाय," ती म्हणाली. "भाकरीसंगं खात्यात."

आणि पान झटकून तिने तोंडात टाकलं! मग काय, सगळी मुलं पाथरी खायला लागली. थोडी कडवट लागते, पण चांगली लागते. त्या दिवशी खुरपणीचा तास तिथेच संपला. मग आंबुशीची आंबट पानं कोणीतरी शोधली, घोळीची भाजी होते हे कोणाला तरी आठवलं, आणि 'तण' म्हणून आम्ही फेकत होतो त्यातली तीन-चार पानं खाण्याजोगी निघाली. (पण मुलांनो, मोठ्यांना दाखवल्याशिवाय कुठलंही रानातलं पान तोंडात टाकायचं नाही. हे मी आमच्या मुलांनाही दहा वेळा बजावलं आहे.)

प्रत्येक दोघांना मी एक वाफा वाटून देते. तिला म्हटलं, "मेथी लाव. महिन्यात काढायला येते." माझ्या मनात होतं की ही चार महिन्यांत जाणार, तिला आपल्या हातचं काहीतरी खायला मिळावं. पण तिला लाल भोपळाच लावायचा होता. आजीने येताना चार बिया दिल्या होत्या, त्या तिने फडक्याच्या गाठीत जपून आणल्या होत्या. भोपळ्याला तीन-चार महिने लागतात. मी समजावून पाहिलं. ती मान हलवायची आणि पुन्हा म्हणायची, "भोपळा." शेवटी मागच्या कुंपणाजवळचा कोपरा मी तिला दिला. तिने आळं केलं आणि फडातून पाचट आणून आळ्याभोवती अंथरलं. पाचटाखाली ओल टिकते, हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही. आता आमच्या सगळ्या वाफ्यांत पाचट असतं.

चारांपैकी तीन बिया उगवल्या. वेल कुंपणावर चढला, आणि जानेवारीच्या शेवटी कळ्या दिसू लागल्या. आम्ही भोपळ्यांची वाट बघत होतो. पण व्हायचं काय, की फुलाखाली गोटीएवढा भोपळा दिसायचा, तीन-चार दिवसांत पिवळा पडायचा आणि गळून जायचा. मी शेणखत घातलं. राख टाकली. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी शिंपडलं. पाणी कमी केलं, जास्त केलं. काही उपयोग नाही.

आणि ही बाई काय करायची? तर तासाला झारी हातात घेऊन वेलापाशी नुसती उभी! मुळ्याला पाणी घालायचं राहिलेलं, पालक सुकलेला, आणि ही आपली खाली वाकून एकेक सुकलेलं फूल उचलून बघते आहे. एकदा मी वैतागले. सगळ्यांसमोर म्हटलं, "नुसती बघत उभी राहिलीस तर भोपळे काय आकाशातून पडणार आहेत?" मुलं हसली. तिने खाली मान घातली आणि झारी घेऊन मुळ्याकडे गेली. त्यानंतर आठवडाभर ती तासाला वेलाकडे फिरकली नाही.

त्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळची शाळा होती. मी सव्वासातलाच पोचले. शाळेच्या मागे कोणीतरी बोलत होतं. जाऊन बघते, तर ही आणि तिचा भाऊ. आई-वडील पहाटे फडात गेले की ती भावाला घेऊन इथे येऊन बसायची. रोजच. मला ठाऊकच नव्हतं. आणि दुसरं जे ठाऊक नव्हतं ते म्हणजे भोपळ्याची फुलं! केवढाली, पिवळीधमक, पूर्ण उमललेली. मी रोज दहाला यायची, तोवर ती मिटून गेलेली असायची. शनिवारी लवकर यायची, पण थेट कवायतीला लागायची.

मला बघून ती उठून उभी राहिली. वाटलं असेल, बाई आता रागावणार. मी म्हटलं, "काय बघतेस?"

"बाई, ह्या फुलाखाली बारका भोपळा हाय. त्याच्याखाली न्हाई," ती बोट दाखवत म्हणाली. "ज्याच्याखाली हाय, त्येच गळतंय. कामून?"

तिने कुंपणाच्या कडेला खडे मांडून ठेवले होते. एका फुलाचा एक खडा. सात खडे होते. सातही भोपळे गळाले होते. आणि ती पुढे म्हणाली, "थंडीत माशीच येईना. ऊन वर आल्यावर येती. तवर फुलं मिटाया लागत्यात."

दोस्तांनो, आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची होती? भोपळ्याच्या वेलावर नर फुलं वेगळी असतात आणि मादी फुलं वेगळी. जिच्याखाली इवलासा भोपळा दिसतो ती मादी. नर फुलातले पिवळे पराग मादी फुलावर पोचले तरच तो इवलासा भोपळा वाढतो, नाहीतर गळून जातो. पराग पोचवण्याचं काम करतात मधमाश्या. 'परागीभवन' हा शब्द मी फळ्यावर कितीदा लिहिला आहे! आकृती काढली आहे, प्रश्नोत्तरं लिहून घेतली आहेत. पण वेल डोळ्यांसमोर असताना मला ते सुचलं नाही, आणि जिला मी 'नुसती बघतेस' म्हणून बोलले, तिने ते बघून शोधलं होतं. फक्त नाव तिला ठाऊक नव्हतं.

मी तिला त्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझं चुकलं." ती लाजून भावाच्या मागे लपली. तीन वर्षांच्या भावामागे किती लपता येणार!

मग आम्ही माशीचं काम आपल्या हातात घेतलं. ते फार सोपं आहे. सकाळी सकाळी नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या काढून टाकायच्या. मध्ये परागांनी माखलेली एक दांडी राहते. ती मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवून फिरवायची. झालं! गावातली चार मुलं साडेसातला यायला लागली. मीही आठवडाभर पहाटेची एस.टी. धरली. घरच्यांना वाटलं, शाळेत तपासणी आहे.

पहिलं फूल तिने केलं. देठाला खूण म्हणून आपल्या वेणीच्या लाल रिबिनीतून एक दोरा काढून बांधला. आठ दिवसांनी बघितलं तर भोपळा लिंबाएवढा, पुढच्या आठवड्यात नारळाएवढा! एकंदर तीन भोपळे धरले. मुलं रोज वितीने मापायची. वित कोणाची, यावर भांडणं व्हायची.

मार्चच्या मध्यावर एका सोमवारी ती आली नाही. मधल्या सुट्टीत आम्ही खोपींकडे गेलो. खोपी नव्हत्या. तीन-तीन दगडांच्या चुली, थोडं पाचट आणि ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा. रविवारी रात्रीच टोळी गेली होती. भोपळा तेव्हा घमेल्याएवढा झाला होता, पण हिरवाच होता.

एप्रिलमध्ये देठ वाळले, साली शेंदरी झाल्या. नख रुतेनासं झालं की भोपळा पिकला असं समजायचं. एक भोपळा फळमाशीने नासवला. दुसऱ्याची भाजी झाली, तेवीस जणांना पुरून वर उरली. तिसरा लाल दोऱ्याचा. त्याचं काय करायचं, यावर चौथीच्या वर्गात मोठी सभा भरली. एक पक्ष घारग्यांचा होता. त्या पक्षाचा पुढारी गूळ घरून आणायला तयार होता. दुसरा पक्ष म्हणाला, ती आल्याशिवाय कापायचा नाही. एकाने तर म्हातारीच्या गोष्टीतल्या भोपळ्यासारखा तो तिच्याकडे आपोआप पाठवता आला असता तर, असंही म्हणून पाहिलं. मत घेतलं. घारगे हरले.

मी तिच्या गावच्या शाळेतल्या सरांना फोन केला. त्यांनी जूनमध्ये तिच्याशी बोलणं करून दिलं. मी भोपळ्याचं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "आजून ठिवलाय? कामून? खावा की बाई! बी तेवढं ठिवा."

मी हे मुलांना सांगितलं, पण मुलं ऐकायला तयार नाहीत. भोपळा शिंक्यात घालून वर्गाच्या आढ्याला टांगला आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दुकानातला काटा आणून आम्ही त्याचं वजन करतो. जूनमध्ये चार किलो शंभर ग्रॅम होतं, आता सप्टेंबरात तीन किलो नऊशे. कोणी खाल्ला नाही, उंदराने कुरतडला नाही, तरी दोनशे ग्रॅम कुठे गेले असतील? ओळखा पाहू.

आणि माझ्या तासाचं म्हणाल, तर पहिली दहा मिनिटं मी आता रेंगाळायला ठेवली आहेत. वेळापत्रकात 'रेंगाळणे' असं लिहिता येत नाही, म्हणून 'निरीक्षण' लिहिलं आहे. खुरपं, झारी, घमेलं सगळं फाटकाबाहेर ठेवायचं आणि नुसतं फिरायचं. कोणी कोणाला "काम कर" म्हणायचं नाही. मीसुद्धा. घाईचा स्वभाव आहे, दहा मिनिटं संपायच्या आत दोनदा तरी घड्याळ बघते.

आता दिवाळी जवळ येत चालली आहे. रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला की माना खिडकीकडे वळतात. "बाई, टोळी आली असंल." अजून आलेली नाही. टोळी दर वर्षी त्याच गावात येते असंही नाही, मुकादम ठरवेल तिकडे जावं लागतं. आणि एक गोष्ट मी मुलांना अजून सांगितलेली नाही, ती तुम्हांला सांगते. ऊसतोडणीच्या दिवसांत मुलांनी गावातच राहून शिकावं म्हणून तिकडे हंगामी वसतिगृह चालवतात. तिच्या सरांनी या वर्षी तिचं नाव तिथे घातलं आहे. ती चौथीत आहे. गावात राहिली तर तिची शाळा मध्येच तुटणार नाही, पहाटेच्या थंडीत भावाला कडेवर घेऊन कुठे बसावं लागणार नाही. म्हणजे ती इकडे येऊ नये, हेच मला वाटायला हवं. वाटतंही. पण शिंक्यातल्या त्या भोपळ्याकडे नजर गेली की सांगायचं राहून जातं.

काल खुरपणी चालू होती. मेथीचा वाफा झाला, मुळ्याचा झाला. मी शेवटच्या कोपऱ्याकडे गेले, तर तिथे तण तसंच उभं.

"हे का ठेवलंत?" मी विचारलं.

घारगे पक्षाचा पुढारी खुरपं झटकत म्हणाला, "तण न्हाई बाई, पाथरी हाय."